जडावबांचे शाकाहारी मासे

भिकनला त्या तळ्यातून काय मिळणार होतं, हे मी पहिल्याच दिवशी मनात मांडून ठेवलं होतं. दार लागणारी एक खोली. नासलेल्या हातानंही निभेल असं काम. आणि तिकडं साक्रीकडं दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेली त्याची बायको आणि दोन पोरी, त्या खोलीत. यापलीकडं त्याला काही नको होतं. जायचं म्हणाल, तर काहीच नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं लूमच्या दात्यांच्या चाकानं आधीच खाल्ली होती. ती काही तळ्याच्या खर्चात धरता येत नव्हती.

नफा एवढा आणि तोटा शून्य! असा सौदा मला कुणी दिला असता, तर मी खानावळ विकून मासे पाळले असते.

आणि हिशोबात मी चुकत नाही. सुरतेत लिंबायतला माझी खानावळ होती, सगळं गिऱ्हाईक लूमवरचं, खानदेशी. मी माणूस भाकरीवर मोजते. नवा माणूस पाटावर बसला की तो किती भाकऱ्या खाईल, कधी गावी पळेल आणि पळताना कुणाचा तांब्या उचलेल, हे मला वरणाची पहिली पळी पडायच्या आत कळतं. भिकन चार भाकऱ्यांचा माणूस. दोन खायचा आणि दोनकडं बघत बसायचा. बायको-पोरी आठवणारी माणसं अशी खातात.

खानावळीसमोर नगीनदास शेठची लूमची शेड, आणि शेडमागं तळं. शेठ वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी व्यवहार सोपा असतो, काय धरायचं ते आधी कळतं. शेठ दयाळू होते. भिकनचा हात गेला तेव्हा त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं, दवाखान्यात केळी पाठवली आणि बाकीचं पुढं बघू म्हणाले. पुढं बघायला त्यांना तळं सापडलं.

त्या तळ्यात डास व्हायचे. सरकारी माणूस येऊन बजावून गेला होता, औषध मारा, नाहीतर बुजवा, नाहीतर मासे सोडा. औषध मारायला शेठच्या आई, जडावबा, तयार नव्हत्या. पक्क्या वैष्णव बाई, डास झाला तरी जीवच. बुजवायला शेठ तयार नव्हते, माती फुकट येत नाही. राहिले मासे. पण मासे डासांची पिल्लं खाणार, म्हणजे पुन्हा हत्या, आणि तीही स्वतःच्या दारात.

इथं चिंधा पुढं आला. चिंधा भिकनच्याच शेडमधला जॉबर, म्हणजे लूमवाल्यांवरचा मुकादम. लूम कमी चालवायचा, जीभ जास्त. भिकनला काम मिळावं म्हणून आला, की शेठच्या नजरेत यावं म्हणून, ते मी तेव्हाच ओळखलं होतं; पण दोन्ही कामं एकाच खेपेत होत असतील तर आपण कशाला बोलायचं?

जडावबा हिंडोळ्यावर बसल्या होत्या. चिंधानं लांबूनच पाया पडल्यासारखं केलं.

"बा, हे मासे तसले नाहीत. हे पेंड खातात. शेंगदाण्याची. वर थोडा भाताचा कोंडा. शुद्ध शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा नाही."

"मग डासांचं काय?"

"मासे पाणी हलवत राहतात ना. डासाला टेकायला जागा मिळत नाही. कंटाळतो बिचारा आणि निघून जातो."

"क्यां जाय?" बांना खरंच काळजी वाटली.

"पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला," चिंधा म्हणाला. डोळ्याची पापणी हलली नाही.

ठरलं. तळं भिकननं सांभाळायचं. पेंड शेठच्या मेहुण्याच्या तेलघाणीतून यायची, तिथं जुनी पेंड पडून होतीच. मासे मोठे झाले की एका पहाटे, बा उठायच्या आत, रांदेरकडचा व्यापारी येऊन जिवंत मासे पिंपांतून घेऊन जाईल. बांना सांगायचं की मासे तापीत सोडले, यात्रेला गेले. आणि मासे गेले की तळ्याकाठची खोली भिकनची. तोवर तिथं पेंडीची पोती राहतील. पोत्यांना ओल लागून चालत नाही.

भिकन तोवर पाळीच्या खाटेवर झोपायचा. एका खोलीत दहा-बारा माणसं, दिवसपाळी उठली की रातपाळी त्याच गोधडीत शिरायची. तिथं बाईमाणूस आणणार कसं? माझ्याकडंही जागा नव्हती. म्हणजे होती, मागची पडवी. पण तिथं माझी लाकडं होती.

पाऊस सरता सरता मासे आले. मत्स्यखात्याचा एक तरुण साहेब सायकलवरून आला, पँटीला क्लिपा लावलेल्या. रोहू, कटला, मृगळ. बोटाएवढी पिल्लं, त्यांना तो बोटुकली म्हणायचा. चिंधा लगेच म्हणाला, "भिकन, तुनी दोन बोटं गयी, बदल्यात हजार उनी. शेठचा हिशोब चोख शे." भिकनही हसला. हसणं भागच होतं, चिंधानंच काम मिळवून दिलं होतं.

साहेबानं त्याला नीट शिकवलं. पेंड भिजत घालायची, कोंड्यात मळून गोळे करायचे, टोपलीत ठेवून टोपली पाण्यात बांबूला टांगायची. संध्याकाळी टोपली वर काढायची. पेंड उरली असेल तर दुसऱ्या दिवशी कमी. उरलेली पेंड पाण्यात कुजते, आणि कुजताना पाण्यातली हवा खाते. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवायचा, तळवा दिसेनासा झाला की पेंड एकदम बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी मासे तोंड वर काढून आ वासायला लागले, तर ती भूक समजू नका. पाण्यात हवा उरलेली नसते, ती ते वरून घेतात. तेव्हा ताजं पाणी सोडायचं, तेही नसेल तर पाणी झोडपायचं.

हे मी ऐकलं होतं. त्याला चहा मीच नेऊन दिला होता.

त्या साली इकडं जरा तरी पाऊस होता, तिकडं आमच्या खानदेशात आभाळ कोरडं फटफटीत. गावाकडून गाडीनं येणारा प्रत्येक जण तेच सांगायचा. खडी, मुकादम, सुकडीची रांग आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो जोंधळा. त्याची भाकरी तव्यावरच तुटते. भिकन माझ्या चुलीपुढं बसून विचारायचा, "आक्का, मिलोनी पोरंसले बाधत त नही?" मी म्हणायचे, नाही. मी तो कधी खाल्ला नव्हता.

आणि इकडं हा पठ्ठ्या दोन्ही हातांनी, म्हणजे दीड हातानं, माशांसाठी शेंगदाण्याची पेंड मळत होता! आमच्या गावी पेंडीची चटणी सणाला व्हायची. माझ्या पाटावरचे लूमवाले भिकनला विचारायचे, तुझ्या तळ्यात भरती आहे का, आम्ही पोहायला शिकतो.

मासे वाढले. दिवाळीला हाताएवढे, संक्रांतीला त्याहून मोठे. जडावबा रोज सकाळी काठीवर टेकत दर्शनाला यायला लागल्या. शाकाहारी मासे म्हणजे घरचीच माणसं. त्या त्यांच्याशी बोलायच्या. एका मोठ्या कटल्याचं नाव त्यांनी भगत ठेवलं होतं. तेवढ्यावर थांबलं असतं, तर भगत वेळेवर रांदेरच्या बाजारात गेला असता आणि सगळ्यांचं भलं झालं असतं.

पण क्लिपावाला साहेब पुन्हा तपासणीला आला, आणि नेमक्या बा काठावर. बांनी कौतुकानं विचारलं, आमचे मासे पेंडीशिवाय काही घेत नाहीत ना? साहेब सरळ माणूस. खुलून म्हणाला, "पेंड तर वरची, माजी. पाण्यातले किडे, अळ्या हे तर खातातच की. त्याशिवाय अंगाला लागत नाही."

चिंधा कुठल्या बाजूनं गायब झाला, ते कुणालाच कळलं नाही.

जडावबा तिथंच दगडावर बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. शेठ हात चोळत फिरले. मला वाटलं, झालं, आता तळं बुजणार. दुसऱ्या दिवशी बांनी भिकनला बोलावलं. मीही गेले, बोलावलं नव्हतं तरी.

बा शांत होत्या. रात्रभर विचार केलेला माणूस असतो तशा. म्हणाल्या, "भरल्या पोटी कोण पाप करतं, भिकन? ते जीव खातात, कारण ते भुकेले आहेत. दोष त्यांचा नाही. तू हात आखडता घेतोस."

"बा, साहेबनी माप सांगेल शे..."

"माप धान्याला असतं. भुकेल्याच्या तोंडाला माप लावतोस?"

माप काय असतं, हे भिकनला ठाऊक होतं. दुष्काळी कामावर वाटीनं सुकडी मोजून घेणाऱ्या बाईचा नवरा तो. त्यानं मान खाली घातली. बांनी शेठलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, मासे निष्पाप राहिले तर खोली माझ्या शब्दावर तुझी. नाही राहिले, तर मी कुणाला ओळखत नाही.

म्हणजे खोलीची चावी शेठकडून सरकून बांच्या कमरेला गेली. हे मी लगेच टिपलं.

मग सुरू झालं. बांनी आपलं अख्खं भजनमंडळ कामाला लावलं. सकाळी तूप लावलेल्या कणकेच्या गोळ्या, दुपारी उरलेला भात, संध्याकाळी लापशी. एकादशीला कणीक चालत नाही, तेव्हा उकडलेलं रताळं आणि राजगिरा. मासे उपास करायला लागले! कुणाच्या सुनेला दिवस राहिले, टाक गोळ्या. कुणाची दाढ दुखते, टाक गोळ्या. शाकाहारी माशांची कीर्ती स्टेशनापर्यंत गेली. आणि या सगळ्याच्या वर भिकनची पेंड, कारण पेंड कमी केली तर तो हात आखडता घेतो.

पाणी आधी हिरवं झालं, मग पालकाच्या भाजीसारखं दाट. भिकन रोज कोपरापर्यंत हात बुडवून बसायचा. एकदा मी बघत होते, त्यानं नासका उजवाच हात घातला होता.

चिंधा काठावरून म्हणाला, "तुना हात त पाण्याबाहेर बी अर्धाच दिसस. दुसरा घाल."

भिकननं दुसरा घातला. तोही दिसला नाही.

दुपारी तो माझ्याकडं आला. पाटावर बसला नाही, उंबऱ्यात बसला. होळी झाली होती. त्यानं शेठला विचारलं होतं, मासे पुरेसे झालेत, आताच काढू या. व्यापारी तयार होता. शेठ म्हणाले, आखातरीज होऊ दे, दुसऱ्या पहाटे काढू. त्या दिवशी दिलेलं दान कधी संपत नाही, बांनी मोठा बेत धरलाय. त्याच्या आधी मासे यात्रेला गेले तर बा मला यात्रेला पाठवतील.

"गाववरतून भगवंता उना व्हता," भिकन म्हणाला. "धाकलीनं पोट बरं नही म्हने. आक्का, मी काय करू? पेंड बंद करू का?"

आता माझी बाजू ऐका. मी व्यवहारी बाई. एका पारड्यात हिरवं पाणी, दुसऱ्यात बांच्या कमरेची चावी. मी त्याला म्हटलं, "म्हातारीच्या मनासारखं होऊ दे. महिना-दीड महिन्याचा प्रश्न. आणि खाऊन कुणी मेलंय का? माझ्या खानावळीत ज्याला जास्त वाढलं तो जाड झाला. मासा वजनावर विकतात ना?"

त्याला ते पटलं. माझं बोलणं लोकांना पटतं.

आखातरीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. खानदेशी माणसाला दिवाळी एकवेळ चुकेल, आखाजी चुकत नाही. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके लागतात. भिकननं सुंदराला सांगावा धाडला होता, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं पोरींना घेऊन उधन्याला उतर. खोली मिळतेय. तळ्याकाठच्या लिंबाला त्यानं झोका बांधला. पाट मोठा घेतला, शेजारी शेजारी दोघी बसतील असा. खोलीत पेंडीची थोडीच पोती उरली होती. ती एका भिंतीला रचून उरलेली जमीन त्यानं शेणानं सारवून घेतली. झाडू माझाच नेला होता.

सणाच्या दिवशी भजनमंडळ पातेली घेऊन आलं. एवढी लापशी मी लग्नात पाहिली नाही. संपत नाही असं पुण्य मिळवायचं, तर दान संपेल एवढं करून कसं चालेल? दिवसभर ओतणं चाललं होतं. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही, वाऱ्याची झुळूक नाही. पाण्यावर तुपाचा तवंग. मी घाम पुसत म्हटलं, काय उकडतंय! माशांना काय वाटत होतं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

उजाडता उजाडता मी चहाची किटली घेऊन तळ्यावर गेले, व्यापाऱ्याची गाडी बघायला. गाडी आली होती, पिंपं लावलेली. आणि काठावर जडावबा उभ्या होत्या, मंडळातल्या चार बायकांसह. पुण्याच्या आनंदात त्यांना झोप आली नव्हती.

तळं तोंडांनी भरलं होतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मासे तोंड वर काढून आ वासत होते. भगत सगळ्यात पुढं.

बांनी पदर डोळ्यांना लावला. "जो, केवा मागे छे! काल एवढं खाऊन अजून भुकेलेच आहेत बिचारे."

भिकन धावत आला. "बा, ती भूक नही. दम लागना त्यासले. पाण्यात हवा सरी गयी."

"पाण्यात हवा कुठून असणार, वेड्या? पाण्यात पाणी असतं." त्यांनी पातेल्यात हात घातला.

आणि भिकननं त्यांचा हात धरला. त्या नासक्या हातानं, मनगटाशी. लूमवाल्यानं शेठच्या आईचा हात धरलेला लिंबायतनं तोवर पाहिला नव्हता. बांनी हिसडा दिला, पातेलं कलंडलं, आणि उरलीसुरली लापशी सगळी एकदम पाण्यात गेली.

भिकन कपड्यांसकट तळ्यात उतरला आणि दोन्ही हातांनी पाणी झोडपायला लागला. साहेबानं सांगितलं होतं तसं. काठावर शेडमधली माणसं जमली. कुणाला वाटलं तो मासे पकडतोय, कुणाला वाटलं अंगात आलं. चिंधा म्हणाला, "आखाजीनी भांग उतरनी नही अजून." लोक हसले. मीही हसले असेन, नाहीतर किटली कशी सांडली?

व्यापारी मात्र हसला नाही. त्याला कळत होतं. तो गाडीवरून उतरून नगीनदास शेठांकडं गेला. शेठ नुकतेच धोतर सावरत आले होते. व्यापारी हळूच म्हणाला, आत्ता, या घडीला उचलू द्या, अजून जिवंत आहेत, तासाभरात काही राहणार नाही.

शेठनी तळ्याकडं पाहिलं. पाण्यात भिकन होता. मग आईकडं पाहिलं. शेठ दयाळू होते, मी आधीच सांगितलं. आईला दुखवणं त्यांना जमत नसे.

ते व्यापाऱ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "आ कोण छे? इथं काय काम आहे तुमचं?"

व्यापारी म्हणाला, रस्ता चुकलो. आणि रिकामी पिंपं खडखडवत निघून गेला.

ऊन डोक्यावर येईतो तळं पांढरं झालं होतं. पोटं वर. भिकन काठावर बसला होता, हात अजून पाणी झोडपल्यासारखे हलत होते. बा रडून रडून आजारी पडायच्या बेताला आल्या होत्या. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं, भुकेल्या जीवांच्या तोंडचा घास भिकननं अडवला, त्या दुःखानं ते गेले. मनगटावरचा वळ त्या सगळ्यांना दाखवत होत्या.

तेवढ्यात सुंदरा आली. विचारत विचारत आली. डोक्यावर बोचकं, एका हाताला थोरली पोर. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. दीड भाकरीची बाई, तीही कुणी उरवली तर.

भिकन उठला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, मग तिच्या मागं रस्त्याकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"धाकली?"

सुंदरानं बोचकं खाली ठेवलं. "ती तिकडेच राह्यनी," म्हणाली. "होळीनंतर. पोट थांबनंच नही. तुमले सांगाले कोन येणार व्हतं?"

एवढंच. मग तिनं तळ्याकडं पाहिलं आणि नाकाला पदर लावला. तो वास कशाचा, हेही तिनं विचारलं नाही.

इकडं बांचा हुकूम सुटला होता. खोलीतली उरलेली पेंड माशांच्या नावानं काढलेली, दान केलेली वस्तू घरात ठेवता येत नाही. सगळी पोती पांजरापोळात, गाईंना. शेडमधली माणसं खोलीतून पोती काढून हातगाडीवर घालायला लागली. एक पोतं उसवलं होतं, त्यातून पेंड सांडत होती. थोरली पोर कधी आईचा हात सोडून तिकडं गेली, कुणी पाहिलं नाही. जडावबांनी पाहिलं. पोर जमिनीवर उकिडवी बसून दोन्ही हातांनी तोंडात कोंबत होती.

बा चमकल्या. "ए शूं खाय छे? काय खातेय ती?"

भिकननं हात जोडले. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलून बसणार. तसं काही झालं नाही. अगदी आदबीनं, समजूत घातल्यासारखं म्हणाला, "काई नही, बा. पेंड शे. शाकाहारीच शे."

बांचा जीव भांड्यात पडला. त्या म्हणाल्या, मग खाऊ दे.

आता हिशोब. जडावबांनी तीन दिवस अन्न सोडलं आणि चांदीचा मासा घडवून हवेलीत, म्हणजे त्यांच्या देवळात, ठाकोरजींना वाहिला. अजून असेल तिथं. शेठनी तळं बुजवलं, माती शेवटी मिळालीच कुठूनतरी. तिथं नवी शेड उठली आणि चिंधा तिचा मुख्य जॉबर झाला. त्या खोलीत सूत ठेवतात, सुताला ओल लागून चालत नाही. पांजरापोळातल्या गाईंचं त्या महिन्यात बरं झालं. डास मात्र कतारगामला गेले नाहीत, ते इथंच राहिले. भिकनला शेठनी नव्या शेडच्या भिंती होईपर्यंत विटांवर राखणदार ठेवलं, आणि भिंती झाल्यावर, बांचा हात धरलेला माणूस म्हणून, काढलं.

मी सुंदराला खानावळीत घेतली. पडवीतली लाकडं हलवली, ती हलवायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. ठरलं असं, तिनं भाकऱ्या थापायच्या, बदल्यात त्यांच्या घरच्या भाकऱ्या माझ्या पिठातून. मी माणसं मोजली, तीन. पीठ त्या मापानं काढून दिलं.

पहिल्या रात्री तिनं घरच्या भाकऱ्या बाजूला काढल्या तेव्हा मी पाहिलं, तिनं त्याच पिठात चौथ्या माणसाची एक थापली होती. बाकीच्यांहून लहान, पोराच्या तळव्याएवढी. ती तिनं टोपल्यात सगळ्यात वर ठेवली, जरा वेळ बघितलं आणि मग पुढच्या तव्याला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही.

ती लहान भाकरी मी रोज गुपचूप उचलायचे आणि एखाद्या गिऱ्हाइकाच्या ताटात अर्धी म्हणून वाढायचे. अर्धीचे पैसे लावायचे.

वाया थोडीच घालवायची होती?